गाव पुसले

आवटी सरांनी आधी दर सांगितला.
मोडीचं एक पान, दोनशे रुपये.
तासगाव, मिरज, जिथं जावं लागेल तिथलं एसटीचं भाडं वेगळं.
सापडलं नाही तर पैसे परत नाहीत.
"नाही सापडलं, हेसुद्धा शोधूनच कळतं," म्हणाले
आणि माझ्या पंधराशेंची पावती
खाली कार्बन घालून फाडली.

मला फार काही नको होतं.
मुलाचं लग्न ठरलंय. विहीणबाईंनी सहज विचारलं,
तुमचं मूळ गाव कुठलं, कुलदैवत कोणतं?
म्हटलं, हरिपूर.
त्या म्हणाल्या, ते झालं राहायचं. मूळ?
मी बशीतला लाडू अर्धा केला,
मग अर्ध्याचा अर्धा.

लहानपणी दोन-तीन वर्षांनी हेळवी यायचा,
आधी बैलाची घंटा, मग तो.
पाटलांच्या कट्ट्यावर बसून चौदा पिढ्या म्हणायचा,
कोण कुठून उठला, कुणाच्या पोटी किती लेक.
लेकींची नावं त्याला येत नसत.
धान्य घेऊन पुढच्या दारी जायचा.
आमच्यापाशी बैलसुद्धा थांबत नसे.
आई तरी सूप भरून ठेवायची
आणि घंटा लांब गेली की
जोंधळे परत कणगीत ओतायची.

आमचं आडनाव पेवेकर.
हळदीच्या पेवात उतरणारे, म्हणून.
म्हणजे आमचा वंश जमिनीच्या एका भोकापासून सुरू होतो.

तीन महिन्यांनी सर आले.
पिशवीतून झेरॉक्स काढली,
कुणा अडत्याची वही, शके अठराशे बावीस.
मोडीत आधी रेघ ओढतात, म्हणाले, पानाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत,
मग अक्षरं तिला टांगत जायची, हात न उचलता.
मला त्या काठीवर वाळणाऱ्या शेवया दिसल्या.
ते बोट फिरवत वाचू लागले:

मसू. उमर अदमासे वीस.
पेवात उतरतो. रोज दोन आणे.
जामीन नाही.
गाव पुसले. सांगत नाही.

"माहीत नाही, असं असेल," मी म्हटलं.
सरांनी चष्मा पुसला.
"माहीत नाही वेगळं लिहितात.
हे बघा, खालच्या माणसाचं आहे तसं.
हा सांगत नाही."

सापडलं होतं, म्हणून भाडं वजा जाता उरलेले
चारशे दहा रुपये त्यांनी मोजून परत दिले.

त्या रात्री मी मसूला काय काय लावून पाहिलं.
कर्ज. खून. दुष्काळात मागं टाकलेली आई.
भलत्या घरातली पोरगी.
एकही त्याच्या अंगाला बसेना.
वीस वर्षांचा पोर, कमरेला दोर,
मुनीम बोरू टाकात बुडवून थांबलेला,
आणि हा पेवाच्या तोंडाकडे बघत उभा.

आजा सांगायचा, पेव उघडलं की लगेच उतरायचं नाही.
आधी कंदील सोडायचा.
विझला तर माती परत लावायची,
उद्या बघू म्हणायचं.
महापुरात आमच्याकडची बरीच पेवं गेली.
आता तिथं रिकाम्या जागेत कुणी
स्कूटर लावतं, कुणी शेळी बांधतं.

विहीणबाईंना फोन केला. सांगितलं,
पणजोबांनी सांगितलं नाही.
त्या जरा थांबल्या. म्हणाल्या, आमच्यातपण
एक काकू आहेत अशा.

गणपती पेठेत छापखान्यातला पोरगा विचारतो,
पत्रिकेत वर कोण प्रसन्न घालू?
गणपती टाकतो काका, सगळ्यांना चालतो.
म्हटलं, थांब जरा.
तो थांबला. गिऱ्हाईक वाढत होतं.
मग त्यानं फॉर्मवर त्या रकान्यात
ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत एक रेघ ओढली
आणि मान वर न करता विचारलं,
जेवण किती वाजता?